डबल बेल वाजल्याशिवाय

ठाणे, रविवार रात्र

प्रिय नंद्या,

गेल्या वर्षी बंगळूरहून येताना तुझं विमान पुण्याच्या धावपट्टीच्या अगदी तोंडाशी येऊन पुन्हा वर उठलं, तेव्हापासून तू विमानाचं नाव काढू देत नाहीस. वहिनींचे गुडघे धरतात, तरी नातीला भेटायला तुम्ही दोघं रात्रभर रेल्वेत अवघडून बसता. मी फोनवर तुझी समजूत काढत होतो, पण मला तरी तेव्हा काय कळत होतं? आता थोडं कळलंय, म्हणून लिहायला बसलो.

बुधवारी कोलकात्याहून मुंबईला उतरलो. लोक उठून बॅगा काढत होते, मी बसून राहिलो. गर्दी सरल्यावर दाराशी उभ्या एअर होस्टेसला विचारलं, कॉकपिट बघायला मिळेल का. विमान हवेत असताना ते दार प्रवाशासाठी उघडत नाहीत, २००१ च्या सप्टेंबरपासून तर मुळीच नाही. पण विमान जागेवर लागलं की मग कॅप्टनची मर्जी. कॅप्टन बाई होत्या, पन्नाशीच्या, आणि बोलायला लागल्या तर चक्क मराठी! "या, डोकं सांभाळा," म्हणाल्या. (१९८५ मध्ये सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघी पायलट बायकांनी मिळून कोलकाता ते सिलचर विमान नेलं होतं, ते त्यांच्याकडूनच कळलं. त्याच कोलकात्याहून आपण आलो, याचा मला उगाच आनंद झाला.)

जागा केवढी म्हणशील तर तुझ्या गॅरेजमधल्या पत्र्याच्या केबिनपेक्षा लहान. छतापर्यंत बटणंच बटणं. मी म्हटलं, एवढी सगळी लक्षात कशी ठेवता? त्या म्हणाल्या, उडताना सगळं ठीक असेल तर छतावर एकही दिवा लागलेला नसतो. दिवा लागला म्हणजे काहीतरी बघायला हवं. अंधार म्हणजे खुशाली.

आणि स्टिअरिंग नाही! विमान एअरबस ए-३२० जातीचं. कॅप्टनच्या डाव्या हाताला एक आखूड दांडी, को-पायलटच्या उजव्या हाताला तशीच दुसरी. समोर मोकळी जागा, तिथे घडीचं टेबल आहे, त्यावर जेवतात. तुला क्लचची केबल माहीत, ब्रेकचा रॉड माहीत. इथे त्या दांडीपासून पंखापर्यंत ओढणारं काहीच जात नाही, नुसती विजेची तार. पायलट दांडी हलवून सांगतो की मला एवढं वळायचंय, ते कॉम्प्युटरला कळतं, आणि कॉम्प्युटर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिकला हुकूम देतो. असे सात कॉम्प्युटर आहेत, एक गेला तर दुसरा काम उचलतो. सगळं नीट चालू असताना पायलटने दांडी पार टोकाला नेली तरी ६७ अंशांपलीकडे ते विमान कलू देत नाहीत. ही जात १९८७ मध्ये पहिल्यांदा उडाली, म्हणजे आपण कऱ्हाडच्या स्टँडवर उभे राहून एसटीचे नंबर पाठ करत होतो तेव्हा.

एक गोष्ट तुला फार आवडेल. काचेच्या खाली मधोमध चार गोल खुंट्या आहेत: वेग, दिशा, उंची आणि वर-खाली जाण्याची गती. दिशेची खुंटी आत ढकलली की विमान आधी भरून दिलेल्या मार्गाने आपलं आपण जातं. बाहेर ओढली की पायलट सांगेल तिकडे जातं. ढकललं तर त्याच्याकडे, ओढलं तर आपल्याकडे. बाईंनी माझं बोट धरून ती ओढायला लावली. टक् असा बारीक आवाज झाला, तो अजून बोटात आहे.

त्याच्याच उजवीकडे चाकांचा दांडा. त्याच्या टोकाला खरोखर छोटं चाक आहे, रबरी टायरसारखं. हे दुसऱ्या महायुद्धातून आलंय. बी-१७ बॉम्बर उतरल्यावर पायलट पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, मिटायला जायचे आणि चुकून चाकंच मिटायचे, कारण दोन्ही खटके शेजारी आणि दिसायला सारखे. आल्फान्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पायलटना दोष दिला नाही, खटका बदलायला सांगितलं. एकावर चाक बसवलं, दुसऱ्यावर पंखासारखी पट्टी. अंधारातही हाताला कळावं म्हणून. तू पाने आकारावरून न बघता उचलतोस ना, तसं.

मग मी तुझी गोष्ट काढली. विमान जमिनीला टेकणार तेवढ्यात गर्जना करून वर गेलं, माणसं ओरडली, आणि बराच वेळ कुणी काही सांगितलं नाही. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्याला गो-अराउंड म्हणतात आणि तो आम्ही सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर घोटतो. पुढचं विमान धावपट्टीवरून हललं नाही, वारा फिरला, किंवा वेग आणि उतार ठरलेल्या मापात बसले नाहीत, तर उतरायचं नाही, वर जायचं. इंजिनांचे दोन्ही लिव्हर पार पुढे ढकलतात, म्हणून तो आवाज आणि पाठीला तो दाब. तेव्हा इंजिनं पूर्ण ताकदीने चालत असतात, नंद्या, बिघडलेली नसतात. आणि कुणी बोललं नाही त्याचं कारण असं की क्रम ठरलेला आहे: आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग बोलणं. बोलण्यातही आधी कंट्रोल टॉवर, प्रवासी शेवटी. तुला वाटलं आपल्याला वाऱ्यावर सोडलंय. ते दोघं त्या वेळी तुझंच काम करत होते.

दोघं म्हणजे कसे, ते ऐक. बुधवारचं आमचं विमान बाईंनी नव्हे, शेजारी बसलेल्या तिशीतल्या को-पायलट पोराने आणलं होतं. एक जण चालवतो, दुसरा बघतो, आणि बघणं हेही तेवढंच मोठं काम. दहा हजार फुटांखाली आले की कामापलीकडे एक शब्द नाही. एकाने चाकं मागायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा आणि झालं म्हणून सांगायचं. पडद्यावरचं अक्षर बदललं तरी मोठ्याने वाचायचं, समोरच्याने ऐकल्याचं बोलून दाखवायचं. आणि गो-अराउंड म्हणायचा हक्क त्या पोरालाही आहे. त्याने एकदा तसं म्हटलं, की मग कॅप्टनने वाद घालायचा नाही, वर जायचं.

मला एकदम एसटी चालवणारे आपले अण्णा आठवले. कंडक्टरची डबल बेल वाजल्याशिवाय त्यांनी कधी क्लच सोडला नाही. आपण बॉनेटवर बसून "चला ना अण्णा" म्हणायचो, ते आरशात बघत थांबायचे.

तुझ्यापासून लपवत नाही, हे बोलणं तुटतं तेव्हा काय होतं तेही विचारलं. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकवर होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ धरला, आपोआप विमान चालवणाऱ्या ऑटोपायलटने विमान माणसांच्या हाती दिलं. एक जण दांडी मागे ओढत राहिला, त्याने विमानाचं नाक वर उचलत गेलं आणि पंखांचा आधार सुटला. दोन दांड्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे दुसऱ्याच्या हाताला ते कळलं नाही, आणि तोंडाने कुणी स्पष्ट सांगितलं नाही. साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसं गेली. बाई हे सांगताना खुंटीवरचा हात काढून मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वेग कळेनासा झाला तर काय करायचं ते आता सगळ्यांकडून हाताने करून घेतात. माझ्याकडूनही."

नातीचा वाढदिवस तेवीसला आहे ना? मी बंगळूरची पुण्याहून सकाळची तीन तिकिटं बघून ठेवली आहेत, तुमच्याबरोबर मीही येतो. तू खिडकीशी बस, मी मध्ये बसेन. वहिनींना कडेची जागा, पाय लांब करता येतील. शनिवारपर्यंत हो म्हण, म्हणजे काढून टाकतो. आणि हे पत्र अण्णांना वाचून दाखव, चाकाच्या दांड्याचं तर नक्की. गाडी मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारायचा, ती थाप चुकली असं कधी झालं का, ते त्यांना विचारून मला कळव.

अण्णांना सा. नमस्कार.

तुझा,
संज्या