झाकणाची खूण

सातारा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसलास, "कच्छला जाऊन कुंभाराकडे काय बसलात बाबा? आपल्या गल्लीच्या टोकाला कुंभारवाडा आहे की." रण पाहिलं. पांढरं आहे, अफाट आहे, फोटो आईने पाठवलेच. कुंभाराचं मात्र फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

भुजहून उत्तरेला सत्तरएक किलोमीटरवर खावडा आहे, काळा डुंगरला जाताना लागतं. टूरवाल्याने तिथे अर्धा तास दिला होता. बाकीची मंडळी मेसूक, म्हणजे तिथली मिठाई, घ्यायला पळाली. आम्ही दोघं एका कुंभाराच्या अंगणात शिरलो ते शिट्टी वाजून गेली तरी तिथेच.

घर मुसलमान कुंभारांचं. चाकावर पुरुष आणि रंगकाम बायकांचं, अशी तिथली वाटणी. आधी भांड्याला गेरूच्या पातळ मातीचा हात द्यायचा आणि त्यावर काळी-पांढरी नक्षी. रंगही माती-दगडाचेच. त्या बाई एका पालथ्या वाडग्यावर ताटली ठेवून डाव्या हाताने फिरवत होत्या. उजव्या हातातली काडी एका जागी धरलेली, आणि ताटलीवर गोल रेघ आपोआप उमटत होती. मी आईला म्हटलं, हा तर लेथ! टूल जागेवर, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतोय. आईने ऐकलं नाही. ती त्या बाईंना त्यांचं नाव विचारत होती. विकताना सगळा माल 'कुंभाराचा', रंगवणारीला नाव कोणी विचारत नसावं, कारण त्या आधी लाजल्याच.

मी चाकाशी बसलो. चाक आता विजेवर चालतं. तीस वर्षं लेथवर काढली, तरी फिरणाऱ्या वस्तूपुढे बसलो की नजर हलत नाही. फरक एवढाच की आपण छिलके काढत काढत मापाला येतो. इथे काढायचं काही नाही. मातीचा गोळा दोन बोटांच्या चिमटीत वर वर येतो आणि त्याची भिंत होते.

ते झाकणाच्या बरण्या करत होते. माप घ्यायला वीतभर लांबीची एक काडी, तिला दोन खाचा. ती ओल्या तोंडावर आडवी धरायची, खाचेत बसली की झालं. त्यांचा गो-नो-गो गेज, माप बसतं की नाही एवढंच सांगणारा! सहा इंची पट्टी माझ्या खिशात असतेच (हसू नकोस). ओल्या बरणीचं तोंड १२० मिलिमीटर भरलं, त्याच घडणीच्या भाजलेल्या बरणीचं १०९. म्हटलं, चाचा, अकरा मिलिमीटर गेले कुठे? ते म्हणाले, वाळताना थोडे, आगीत थोडे. मग झाकण बसतं कसं? तर झाकण आणि बरणी एकाच मातीची, एकाच दिवशी करायची, शेजारी शेजारी सावलीत वाळवायची आणि झाकण तोंडावर ठेवूनच भाजायची. दोघं मिळून आखडतात. मोजायचं काय त्यात?

भट्टी म्हणजे उघडा आवा, काटक्या आणि शेण्यांचा. थर्मामीटर नाही, आगीचा रंग बघायचा. ते मला नवीन नव्हतं. हत्यार टेम्पर करताना पेंढ्याचा पिवळा आला की थांबायचं, निळ्यावर गेलं तर मऊ पडलं, हे मीही डोळ्यानेच शिकलो. पण पोलाद पुन्हा तापवता येतं. माती एकदा साधारण सहाशे अंश ओलांडून गेली की तिच्यातलं बांधलेलं पाणीच निघून जातं. मग कितीही भिजवा, चिखल होत नाही. चाचांनी एक बरणी टिचकी मारून ऐकवली, खणखणीत. आईला लगेच गोरोबाकाकांचं थापटणं आठवलं. नामदेव कच्चे निघाले ते.

दुसऱ्या दिवशी धोळावीरा या हडप्पाकालीन शहराच्या संग्रहालयात काचेमागे तीच लाल भांडी, तीच काळी रेघ. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची. मी बघत होतो, पण डोक्यात तुझी पेटी होती.

सातवीत कार्यानुभवाला तू लाकडी पेटी केली होतीस. झाकण अडकत होतं. मी पट्टी लावली, दीड मिलिमीटर जास्त म्हणालो, 'हातावर भरवसा ठेवू नको, मापावर ठेव' असं ऐकवलं आणि पेटी बंबात घातली. दुसरी मीच करून दिली. तू ती शाळेत नेलीस, पण घरी परत आणली नाहीस. तेव्हा जुलै होता, अमेय. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे मला माहीत होतं, कारखान्यातली लाकडी दारं दर वर्षी मीच रंधून घ्यायला सांगायचो. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर तुझं झाकण बसलं असतं. हे त्या अंगणात बसेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पार्सलमध्ये दोन बरण्या आहेत. गॅसवर ठेवायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. वापरण्याआधी एक रात्र पाण्यात बुडवून ठेव. बरण्या सारख्या दिसतात, पण एकीचं झाकण दुसरीला लागत नाही, मी घरी येऊन करून पाहिलं. म्हणून आतल्या बाजूला पेन्सिलीने खुणा केल्यात, एकीवर एक रेघ, दुसरीवर दोन.

तुझा,
बाबा