भाडं न देणारी जागा

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी नाशिकच्या त्या मॉलच्या मालकांपुढे आराखडा मांडायचाय आणि मधल्या मोकळ्या चौकात आणखी गाळे काढा असा त्यांचा हट्ट आहे, हे तू सांगितलंस. फोनवर मी ‘सरळ नाही म्हण’ एवढंच बोलून मोकळा झालो. तुझी आई म्हणाली, नाही म्हणायला कुणालाही येतं, का नाही ते पोरीला सांगा. म्हणून हे लिहायला बसलोय.

मालकाच्या डोक्यात चौरस फूट गुणिले भाडं हे गणित असतं. त्यात गैर काही नाही, बँकेचा हप्ता त्याला भरायचाय. फक्त त्या गणितात गिऱ्हाईक येणारच असं धरलेलं असतं. म्हणून नकाशा उलगडायच्या आधी त्यांना विचार, मंगळवारी दुपारी तीन वाजता इथे कोण येणार आणि कशासाठी? शनिवारी संध्याकाळी कुठलाही मॉल भरलेला दिसतो. त्यावर खूश होणाऱ्या मालकाला गाळेधारक वर्षभरातच भाडं कमी करा म्हणून गाठतात.

आपल्या तुळशीबागेचंच बघ. नारो आप्पाजी खिऱ्यांनी पेशवाईत तिथे राममंदिर उभारलं. माणसं देवाला येऊ लागली आणि देवळाभोवती बाजार धरला. आजही दोन बायका उभ्या राहिल्या की भरून जाणारे गाळे, पण पूजेची उपकरणी, भातुकली, कानातली घ्यायला पुणंच काय, आजूबाजूची गावंही लोटतात. देऊळ एक पैसाही भाडं देत नाही, पण तेच नसतं तर बाकीच्यांचं भाडं कुठून सुटलं असतं? तुझ्या आराखड्यातल्या चौकाचं काम तेच आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसजवळ 1956 साली साउथडेल हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. तिथेही वास्तुकार व्हिक्टर ग्रुएनने मधोमध बाग केली, पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा ठेवला. माणूस मूळचा व्हिएन्नाचा, त्याला गावचा चौक हवा होता. 

चौकापेक्षा मोठी लढाई मात्र पुढे आहे, आणि ती तुला नकाशावर दिसणार नाही. हे मालक गाळे विकायच्या विचारात आहेत का, ते आधी काढून घे. दोन हजारच्या दशकात आपल्याकडे कितीतरी मॉल असे गाळा-गाळा विकले गेले. बिल्डरचे पैसे सुटले, तो गेला. मग कपड्याच्या दुकानाशेजारी कोचिंग क्लास, त्याच्याशेजारी कुलूप, कारण तो गाळा गुंतवणूक म्हणून कुणीतरी घेऊन ठेवलेला. मेंटेनन्स कुणी भरत नाही, म्हणून सरकता जिना बंद आणि पायथ्याशी साखळी. पहिल्या मजल्यावर जायला गिऱ्हाईकाला जिना चढावा लागला की तो मजला संपला म्हणून समज. कुठे काय असावं हे ठरवणारा एक माणूसच उरत नाही. याउलट मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिल बघ. 1905 सालची गिरणी, तिथे आता मॉल आहे, पण तिची चिमणी अजून उभी आहे. तिच्या मालकांनी सगळं एका दमात बांधलं नाही आणि दुकानं विकली नाहीत. भाड्याने दिली, ताबा स्वतःकडे ठेवला. म्हणून दुकानं बदलता आली, वाढवता आली. किमान भाडं अधिक विक्रीवर टक्का असा करार असला की मालकालाही गाळेधारकाच्या गल्ल्याची काळजी लागते. हे त्यांना पटवून दे. डिझाइनचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

त्यांना ‘वरच्या वर्गाचा’ मॉल हवाय असंही तू म्हणालीस. मुंबईत 1999 साली हाजी अलीला क्रॉसरोड्स सुरू झाला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवलं तर आत, नाहीतर पैसे मोजा असा नियम काढला होता! टीका झाली, नियम गेला, पुढे नावही बदललं. गर्दी नको असेल तर बंगला बांधावा.

गच्चीवरच्या रेस्टॉरंटबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. फूड कोर्ट आणि मल्टिप्लेक्स वर नेणं बरोबरच, माणसं वर खेचली की उतरताना दुकानं बघतात. पण 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल आवारात गच्चीवरच्या आगीत 14 जणं गेली. बाहेर पडायचा दुसरा जिना, तोही सामानाने न अडलेला, आणि छतावर पेट घेणारं काहीही नको. मालक म्हणतील, जागा वाया जाते. जाऊ दे. यावर घासाघीस करू नकोस, काम सोडावं लागलं तरी.

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नकाशा चष्मा लावून नीट पाहिला. माल घेऊन येणारे टेम्पो कुठून शिरणार आणि कचरा कुठून बाहेर पडणार, ते मला सापडलं नाही. स्वच्छतागृहंही पार मागच्या कोपऱ्यात ढकलली आहेत. लेकराला घेऊन आलेली बाई तेवढं चालणार नाही, सरळ घरी जाईल. ही दोन्ही दुरुस्त करून बुधवारी रात्रीपर्यंत पाठव, मी जागा असतो.

तुझे,
बाबा