मंत्रिमहोदय, मोदकाच्या कृतीत कॅन्सर कुठून आला?

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
स. न.

आपण कामात असता, तरी पाच मिनिटं द्यावीत. मी एसटीत ३१ वर्षं काढली, शेवटी वाहतूक नियंत्रक होतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बायकोच्या गाठीची तपासणी सांगितली. "साधी गाठ आहे," असं तिला म्हणालो आणि ती झोपल्यावर लॅपटॉपवर त्या आजाराचं वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी संकष्टी. ती त्याच लॅपटॉपवर उकडीच्या मोदकांची कृती बघत होती. 'पाण्यात चमचाभर तूप घाला' आणि 'पिठी वैरा' यांच्या मधोमध कॅन्सर हॉस्पिटलची जाहिरात, खाली कॅन्सरचा विमा. तिनं गॅस बंद केला. "अहो, काल रात्री काय वाचत होतात?"

जे मला चार दिवसांनी, धीर गोळा करून सांगायचं होतं, ते असं सांगून झालं.

मुलानं फोनवर समजावलं, कुकी म्हणजे ब्राउझरवर मारलेला शिक्का. एका साइटवर जाहिरातवाला तो मारतो. दुसऱ्या साइटवरही तोच बसलेला असतो, शिक्का ओळखतो. मी म्हणे परवानगी दिली होती! 'आम्ही आणि आमचे ७१२ भागीदार' असं काहीतरी आलं होतं खरं. आमच्या लग्नाच्या पत्रिकेतही एवढे आप्तेष्ट नव्हते. 'स्वीकारा'चं बटण हिरवंगार, नकार तीन पानं आत. शिवाय रात्री दोनला काही उघडं नसताना पंखा घरघरतो, राउटरचा दिवा लुकलुकतो. महिन्याला दहा-बारा जीबी तरी असेच जात असतील, हिशेब माझ्या अंदाजाचा. "अपडेट असेल," मुलगा म्हणतो. असेलही. घर माझं, वीज माझी, मला विचारायचं तरी!

२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तुमचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला २०२३ मध्ये, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. आणि संमती कशी घ्यायची, ती काढून कशी घ्यायची, ही आमच्या कामाची कलमं लागू होणार १८ महिन्यांनी! आमची गाडी तासभर लेट झाली तर प्रवासी केबिनच्या काचेवर थापा मारायचे. पण त्याच कायद्यानं माहिती अधिकारात केलेला बदल मात्र लगेच लागू. आता 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की साहेब नकार द्यायला मोकळे. म्हणजे आमची गाठ ७१२ जणांना उघडी, तुमची फाइल आम्हाला बंद.

दंड २५० कोटींपर्यंत, वाचून बरं वाटलं. तो जाणार सरकारी तिजोरीत. आयटी कायद्यात भरपाईचं एक ४३अ कलम होतं, तेही तुम्ही काढायला घेतलंत. उलट आम्ही खोटी तक्रार केली तर १० हजारांपर्यंत दंड आम्हालाच. ही तक्रार खोटी नाही. मोदक त्या दिवशी झाले नाहीत, शेजारी विचारा.

मागणी एवढीच: नकाराचं बटण होकाराच्या शेजारी, त्याच मापाचं, मराठीत. आणि आजारपणावर जाहिराती लावणं बंद, आजपासून, २०२७ पासून नव्हे.

रिपोर्ट गुरुवारी येणार आहे. उत्तर टपालानं पाठवा. आमचा पोस्टमन पत्र वाचत नाही, आणि वाचलं तरी त्यात हॉस्पिटलचा कागद सारत नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, बार्शी