ब्रेक दाबला की दिवा विझतो!

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी हळहळून लिहिलं. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. माझी १९८८ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, माहीमला आमच्या इमारतीखाली उभी असते. तिच्याबद्दलचीच ही तक्रार.

गेल्या पावसाळ्यात माटुंग्याच्या सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून सांगितलं, "काका, मागचा उजवा ब्रेक लाइट लागत नाही." घरी येऊन मुलाला मागे उभं केलं. तो म्हणाला, "बाबा, टेल लाइट मिणमिणतोय, आणि तुम्ही ब्रेक दाबला की तोही विझतो!"

एका गॅरेजवाल्याने निदान केलं, "आख्खं वायरिंग कुजलंय, साडेनऊ हजार होतील." दुसरा म्हणाला, एलईडी टाका. दिव्याची लाल काच उघडून बघायची तसदी दोघांपैकी एकानेही घेतली नाही. राग आहे तो याचा.

शेवटी स्क्रू ड्रायव्हर घेऊन मीच बसलो. या बल्बात दोन तारा असतात, ५ वॉटची टेलची आणि २१ वॉटची ब्रेकची. परतीची वाट, म्हणजे अर्थ, मात्र दोघींना एकच, होल्डरच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीत. ती तुटली की टेलचा करंट ब्रेकच्या तारेत उलटा शिरतो आणि डावीकडच्या ब्रेकच्या बल्बातून बॉडी गाठतो, म्हणून उजवा दिवा मंद. ब्रेक दाबला की दोन्ही तारांना सारखेच १२ व्होल्ट. मग करंट वाहणार कुठे? दिवा गुल.

होल्डर धरून ठेवणारा स्क्रू गंजून फुगला होता, पितळेवर हिरवा थर. आमच्याकडे खारी हवा, त्यात डिकीच्या रबरातून झिरपणारं पाणी. वायरच्या तुकड्याचं एक टोक होल्डरला आणि दुसरं डिकीतल्या खरवडलेल्या पत्र्याला टेकवलं, तर दिवा भक्कन पेटला. मग काचपेपर मारला, नवा स्क्रू बसवला, टोकाला थिंबल (धातूची कडी) लावून अर्थची वेगळी वायर ओढली, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. खर्च साठ रुपये, त्यातले वीस चहाचे.

पूर्वी आमचा वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन आधी अर्थच तपासायचा. तो आता गावी गेला. गॅरेजवाल्यांनी निदान एवढं तरी करावं, आणि जुन्या गाडीवाल्यांनी त्याआधी वायरिंग बदलायला होकार देऊ नये. रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण ब्रेक मारलाय हे कळणार कसं?

डावीकडचा स्क्रूही गंजलाच आहे. या रविवारी तो काढतो.

– एक पद्मिनीवाला, माहीम