न उगवणाऱ्या चंद्राबद्दल, बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

नाव कुठंही छापायचं नाही, अशी तुमची ताकीद आहे. म्हणून हे जाहीर पत्र नुसतं 'बाईं'ना. साताऱ्यात तुमच्या हाताखालून गेलेले बरेच जण आहेत, ओळखायचे ते ओळखतीलच.

माझा विज्ञानकथांचा संग्रह जूनमध्ये आला. आतापर्यंत तीन परीक्षणं आली. एकात म्हटलंय, या कथांमध्ये यंत्रमानव नाहीत, तेव्हा यांना विज्ञानकथा का म्हणावं? दुसऱ्याचं म्हणणं, विज्ञान जरा जास्तच झालं. तिसरं परीक्षण मलपृष्ठावरच्या मजकुरापलीकडे गेलेलं नाही, याची मला खात्री आहे, कारण तो मजकूर मीच लिहिला होता. तक्रार नाही. मराठीत विज्ञानकथेच्या पुस्तकावर तीन परीक्षणं येणं हीसुद्धा एक विज्ञानकथाच. पण या तिघांपैकी एकालाही जे माहीत नाही, ते सांगायला हे पत्र.

गेल्या दिवाळी अंकात माझी संकष्टीची कथा आली. मंगळावरच्या तळावर राहणारी आजी उपास धरते, रात्री पूर्वेला मंगळाचा चंद्र, वाटोळा फोबोस उगवतो, आजी अर्घ्य देते आणि नातवाच्या ताटात मोदक वाढते. फोन आले, कौतुक झालं. आपलीही आजी आठवली, असं म्हणणारे पाच-सहा जण भेटले. मी खूश होतो. मग संपादकांमार्फत तुमचं पत्र आलं. फुलस्केपची चार पानं, शिसपेन्सिलीनं काढलेली आकृती आणि खाली सही 'एक निवृत्त शिक्षिका'.

मुद्दे तीन होते. पहिला, फोबोस ७ तास ३९ मिनिटांत मंगळाभोवती फेरी मारतो आणि मंगळाला स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटं लागतात. चंद्रच ग्रहाच्या पुढं पळतो, त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, तेही दिवसातून साधारण दोनदा. दुसरा, तो वाटोळा नाही. जेमतेम २७ किलोमीटर लांबीचा बटाटा आहे, आणि तिथल्या आकाशात आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्माही दिसत नाही. तिसरा मुद्दा वाचला आणि मी पत्राची घडी करून ते ड्रॉवरमध्ये कोंबलं. तुम्ही लिहिलं होतं, "पाण्याच्या बर्फासाठी तुम्ही तळ उत्तर ध्रुवाजवळ, ८५ अंशांवर वसवला आहे. तिथून फोबोस कधीच दिसत नाही. तेव्हा पहिल्या दोन चुका रद्द धराव्यात."

पंधरा दिवस मी रुसलो होतो, हे आज कबूल करतो. कथा म्हणजे काय पाठ्यपुस्तक आहे का, वगैरे वगैरे. बायकोला दोनदा ऐकवून झालं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आकृती तरी बघ ना नीट." आकृतीत एक वर्तुळ, बाहेर एक बिंदू आणि त्या बिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिका. दहावीची भूमिती. फोबोस मंगळाच्या पृष्ठभागापासून फक्त ६,००० किलोमीटरवर आहे. इतक्या जवळून त्याला अख्खं वर्तुळ दिसतच नाही, साधारण ७० अंशांच्या पलीकडचा भाग ग्रहाच्या फुगवट्याआड जातो. दुसरा चंद्र डिमोस लांब आहे, पण ८५ अंशांवरून तोही दिसत नाही. म्हणजे माझ्या आजीच्या डोक्यावर दोन चंद्र असूनही एकाचंही दर्शन नाही.

मग मी साताऱ्याला आलो. तुम्ही टेनिसचा बॉल काढलात, डब्यातून चिमूटभर बारीक रवा घेतलात, त्यातला एक कण बोटाच्या टोकावर धरलात आणि बॉलपासून सहा सेंटिमीटरवर नेलात. "हा मंगळ, हा तुझा फोबोस." पत्रातले 'तुम्ही' चहाच्या पहिल्या कपाबरोबर 'तू' झाले होते. तो रव्याचा कण मी विसरणार नाही. इतक्याशा दगडाला मी अर्घ्य द्यायला लावलं होतं!

निघताना तुम्ही दारात विचारलंत, "मग आता आजीनं उपास सोडायचा कसा?"

बाई, आभार मानायचे आहेत ते या प्रश्नाचे. चूक सगळेच दाखवतात. तुम्ही चुकीच्या पोटातली कथा दाखवलीत. आधी माझा चंद्र नाटकातल्या पडद्यासारखा होता, वेळेवर वर यायचा. आता आजी अशा जागी होती जिथं चंद्र उगवतच नाही, आणि तिचा उपास मात्र खराखुरा. तिथी म्हणजे पृथ्वीवरून दिसणारं चंद्र-सूर्यामधलं अंतर, मंगळावर कोणाची तिथी धरायची? म्हणून नव्या कथेत आजी भिंतीवरच्या कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ बघते आणि सोबत आणलेलं साताऱ्याच्या वेळेवरचं घड्याळ बघत बसते. सून म्हणते, "आई, मंगळावर राहतो आपण, इथं रोजच अंगारकी." हे वाक्य खरं तर तुमचं. मी ते सुनेला दिलं.

आणि शेवट. मंगळावरून आपली पृथ्वी ताऱ्यासारखी दिसते आणि तिच्या शेजारी चंद्राचा बारीक ठिपका नुसत्या डोळ्यांनीही वेगळा ओळखता येतो. क्युरिऑसिटी रोव्हरनं ३१ जानेवारी २०१४ रोजी संध्याकाळच्या आकाशात टिपलेला तसा फोटोही आहे. आजी त्या ठिपक्याला हात जोडते, कारण संकष्टीचा चंद्र तोच. मी फुशारकीनं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "त्या रात्री पृथ्वी क्षितिजाच्या वर आहे का, बघितलंस?" मग तुमच्या नातवाच्या लॅपटॉपवर, स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मंगळावर ८५ अंश उत्तरेला जाऊन आपण तीन संध्याकाळी बसलो. तारीख सापडली, पण ध्रुवाजवळ पृथ्वी उगवेना की मावळेना. क्षितिजाला धरून, घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत राहिली. तुम्ही लगेच 'उगवली' हा शब्द खोडलात. त्या जागी आजी आपली पाटावरून उठते आणि पृथ्वीमागोमाग एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीशी जात राहते. दुसऱ्या परीक्षणकर्त्यांनी नेमक्या याच प्रसंगाला सुंदर कविकल्पना म्हटलंय. विज्ञान जास्त झालं म्हणणारे तेच बरं का.

खोडदच्या कथेबद्दल थोडक्यात. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली उभा राहून माझा नायक मोबाइलवर बोलत होता. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, एसटीनं मुलं घेऊन तिथं जाणाऱ्या बाईंना हे खपणार नव्हतंच. अशा तीस तबकड्या ताऱ्यांची कुजबुज ऐकत असतात आणि हा शेजारी उभा राहून ढोल बडवतोय, असं तुम्ही समासात लिहिलंत. फोन काढून टाकला. नायक आता पायी धावत जाऊन निरोप देतो. कथा चार पानांनी वाढली आणि सुधारली.

तुम्ही नाव का छापू देत नाही, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही जयंत विष्णू नारळीकर सरांची गोष्ट सांगितलीत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. "नाव मोठं असून त्यांनी झाकलं, माझं तर झाकण्याइतकंही नाही," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. मला ते पटलेलं नाही. सांगून ठेवतो.

दुसऱ्या आवृत्तीची वेळ आलीच तर पान ४७ वरचं तापमान दुरुस्त करायचं आहे, तुमचं कार्ड मिळालं. नव्या कथेचा मसुदा उद्या टपालानं पाठवतोय. ही गुरूच्या युरोपा या चंद्रावर घडते, बर्फाखालच्या समुद्रात. त्यात एक नाव आहे आणि नावेला शीड आहे. का आहे ते मला माहीत नाही, पण काढू नका, आधी वाचा. समास यावेळी दोन इंच सोडलाय.

तुमचा,
संकष्टीवाला