काका, 'रिटर्न' आणि 'सोर्ड्स' यांच्या मधल्या त्या वेळेसाठी थँक यू

काका,

फोनवर हे सांगायला गेलो की माझा गळा दाटतो आणि तुम्ही लगेच "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमच्याबद्दल एक गोष्ट त्या दिवशी चर्चच्या पार्किंगमध्ये चुकीची बोलली गेली आणि तुम्ही ती तशीच राहू दिलीत. मला ती तशी राहू द्यायची नाहीये. तुमचं नाव मात्र लिहित नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. इथे कॅनडातले, ब्रॅम्प्टन-मिसिसागातले आपले वसईवाले, मुंबईवाले वाचतील तेव्हा ओळखतीलच.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो, नाहीतर तलवार कसली, म्यान कसलं, काही कळायचं नाही. नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संघटना आहे. 1882 साली अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला फादर मायकल मॅकगिव्हनी नावाच्या तरुण धर्मगुरूंनी ती सुरू केली. त्यांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्यांच्या चर्चच्या हद्दीत, बहुतेक आयरिश, बाहेरून आलेले कष्टकरी लोक, घरातला कमावता माणूस गेला की बायकापोरं उघड्यावर, म्हणून पुरुषांनी एकत्र येऊन पैसे काढायचे आणि एकमेकांच्या विधवांना, पोरांना सांभाळायचं, इथून सुरुवात झाली. फादर स्वतः 1890 मध्ये गेले, फक्त 38 वर्षांचे होते. कॅनडात माँट्रियलला 1897 मध्ये पहिली काउन्सिल, म्हणजे स्थानिक शाखा, निघाली आणि आज जगभरात सुमारे 20 लाख सभासद आहेत. या संघटनेत चार डिग्री असतात, पहिल्या तीन दया, एकता आणि बंधुत्वाच्या. चौथी देशप्रेमाची, ती 1900 मध्ये सुरू झाली आणि तलवार असते ती या चौथ्यावाल्यांकडे. लढायची नाही, मानवंदनेची. बिशप येतात तेव्हा, मोठ्या सणाच्या मिस्सात (चर्चमधल्या प्रार्थनाविधीत), मिरवणुकीत, आणि आपल्यातला एखादा भाऊ जातो तेव्हा त्याच्या शवपेटीशी उभं राहायला.

माझे बाबा चौथ्या डिग्रीचे होते. वसईहून, गिरीजवरून इथे आलेला माणूस, आयुष्यभर शिफ्टमध्ये काम केलं, घरी बोलायचे कमी, पण ऑनर गार्डचा, म्हणजे तलवारी घेऊन मानवंदना द्यायचा, दिवस असला की आदल्या रात्री डायनिंग टेबलवर सगळा सरंजाम पसरलेला असायचा. तेव्हा केप होता आणि पिसांची ती मोठी टोपी होती, तिला चॅपो म्हणतात. बाबा त्या पिसांना हात लावू द्यायचे नाहीत कुणाला. 2017 मध्ये वरून जाहीर झालं की केप आणि चॅपो बंद, आता बेरे टोपी आणि ब्लेझर. कितीतरी जुने लोक तेव्हा चिडले, काहींनी गार्डच सोडला. बाबा दोन दिवस गप्प होते आणि मग म्हणाले, पिसं गेली, तलवार राहिली ना. आणि ब्लेझरचं माप द्यायला गेले.

आजारपण सुरू झाल्यावर त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. माझ्या पेटीशी तू उभा राहा, ब्लेझर घालून, माझी तलवार घेऊन. मीही तोवर चौथी डिग्री घेतली होती पण ड्रिल कधी केली नव्हती, कारण माझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाही. पडदा सुटला होता, ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. एका डोळ्याने गाडी चालवतो, काम करतो, सगळं होतं, पण जवळच्या वस्तूचं अंतर नीट कळत नाही. चहा ओतताना कपाला बोट लावून ओततो. आणि तलवारीच्या ड्रिलमध्ये सगळ्यात अवघड काय असेल तर ती म्यानात परत घालणं. म्यान डाव्या बाजूला, मान खाली घालून शोधत बसायचं नाही, आणि ते तोंड किती लहान असतं हे ज्याने हातात धरलंय त्यालाच माहीत.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी शिकायला गेलो होतो. कुठे ते सांगत नाही, पण झालं ते सांगणार, कारण ते अजून बोचतं. तिथल्या शिकवणाऱ्या साहेबांनी मला पहिल्या प्रॅक्टिसला बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही बॅनर का धरत नाही? मी म्हटलं बाबांसाठी शिकायचंय. मग दर वेळी काहीतरी निघायचं, आज हॉल नाही, आज नवीन लोक नकोत, आज नुसतं बघा. मी भिंतीला टेकून नुसतं बघत राहायचो आणि घरी बाबा विचारायचे काय शिकवलं आज. शेवटी एकदा साहेब म्हणाले की रांग एकसारखी दिसली पाहिजे, एकामुळे सगळ्यांचं खराब दिसतं. ज्या संघटनेच्या चार शब्दांत बंधुत्व हा एक शब्द आहे तिथे हे बोलायचं! माझे बाबा तिकडे हॉस्पिटलमध्ये होते आणि यांना फोटोत रांग कशी येईल याची चिंता. मी त्यांना उलट बोललो नाही, पण आज लिहितोय की ते वागणं वाईट होतं, आणि नियम, शिस्त असल्या शब्दांच्या मागे लपून केलेलं होतं म्हणून जास्तच वाईट होतं.

मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही माहीमचे, मराठी शाळेत शिकलेले, हे मला फोनवर पहिल्या वाक्यात कळलं आणि अर्धं टेन्शन तिथेच गेलं. तुम्ही डोळ्याबद्दल विचारलंत, नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, म्यान डोळ्यांनी शोधायचं नसतंच, ज्यांना दोन डोळे आहेत त्यांनाही मी तेच ओरडून सांगतो. गुरुवारी ये.

काका, तुम्ही मला जे शिकवलंत ते मी अजून रोज हातात धरून बघतो. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट म्यानाच्या तोंडाभोवती, तोंड किंचित पुढे वळवलेलं, पात्याची बोथट बाजू त्या दोन बोटांच्या मधल्या बेचक्यावर टेकवायची आणि उजवा हात वर आणि पुढे नेत राहायचं, पातं बेचक्यावरून सरकत सरकत टोकापर्यंत येतं आणि टोक आलं की ते आपोआप आत उतरतं. बघायचंच नाही. फक्त पांढरे ग्लोव्ह्ज घातले की बोटांना काही कळत नाही, तर तुम्ही म्हणालात आधी उघड्या हाताने, मग जुन्या पातळ ग्लोव्ह्जने, मग खऱ्या. घाई अजिबात केली नाहीत. तुमचा गुडघा दुखत असायचा, तरी मी उभा आहे तोवर तुम्ही खुर्चीत बसला नाहीत. "कॅरी"मध्ये पातं खांद्याशी उभं, "प्रेझेंट"मध्ये मूठ हनुवटीसमोर, हे सगळं मला पटकन जमलं, पण "रिटर्न"साठी, म्हणजे तलवार म्यानात परत घालण्यासाठी, तुम्ही सगळा वेळ दिलात.

बाबांनाही सगळं सांगायचो. शेवटी शेवटी ते घरी होते, एकदा मी त्यांच्या खोलीत त्यांचीच तलवार घेऊन "प्रेझेंट" करून दाखवलं तर पडल्या पडल्या म्हणाले, कोपर आत. तुम्ही पण तेच म्हणायचात, अगदी त्याच आवाजात.

बाबा गेले तेव्हा आधी फ्युनरल होममध्ये आम्ही आळीपाळीने उभे राहिलो, एक जण डोक्याशी, एक पायाशी. मला डोक्याशी उभं केलंत ते तुम्ही ठरवून केलंत, मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्सा. फादरांनी पवित्र भाकर वर उचलली तेव्हा तुमचा आवाज आला, "प्रेझेंट... सोर्ड्स", आणि सगळ्या तलवारी एकदम वर. माझी पण, त्यांच्याबरोबरच. बाबांच्या तलवारीच्या पात्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, ते माझ्या डोळ्यासमोर होतं. तोवर मी ठीक होतो. मग पेटी आमच्या दोन रांगांमधून बाहेर नेली, मागून आई गेली, आणि तिने जाता जाता माझ्याकडे बघितलं. तिथे माझं संपलं. जो एक डोळा चालतो तोही भरून आला आणि मला समोरचं काहीच दिसेना, दारातला नुसता पांढरा उजेड.

आणि तेवढ्यात तुमचा आवाज, "रिटर्न..."

इतरांसाठी सांगतो, ही ऑर्डर दोन तुकड्यांत येते. "रिटर्न" म्हटलं की तलवार फिरवून टोक म्यानात उतरवायचं आणि थांबायचं, "सोर्ड्स" म्हटलं की सगळ्यांनी एकाच वेळी ती पूर्ण आत सारायची. मधला वेळ तसा जेमतेम असतो. त्या दिवशी इतरांची टोकं आत गेली, ते मला आवाजावरून कळत होतं, आणि माझं टोक बेचक्यावरून घसरलं. पुन्हा लावलं. हात थरथरत होता, ग्लोव्ह घामाने ओला. सगळं चर्च मागे उभं. मला वाटलं आता शब्द येणार, सगळे एकदम तलवारी आत घालणार आणि मी एकटा बाबांची तलवार हातात घेऊन उभा राहणार, बरोबर तसंच जसं ते साहेब म्हणाले होते.

शब्द आलाच नाही. तुम्ही थांबलात. माझ्याकडे मान वळवली नाहीत, कुणाच्या लक्षात येईल असं काहीही केलं नाहीत, समोर बघत उभे राहिलात आणि नुसते थांबलात, आणि तुम्ही थांबलात म्हणून अख्खी रांग थांबली, आणि ते थांबणं बघणाऱ्यांना दुःखाचं, मानाचं वाटलं असणार. माझं पातं हळूहळू बेचक्यावरून आलं, टोक म्यानाच्या तोंडाच्या कडेला लागून किर्र वाजलं आणि आत गेलं. तो बारीक आवाज तुम्ही ऐकलात. मग म्हणालात, "सोर्ड्स." सगळ्यांबरोबर माझीही तलवार गेली, एकच आवाज झाला.

नंतर पार्किंगमध्ये कुणीतरी हसत म्हणालं की आज कमांडरसाहेब शब्द विसरले वाटतं, वय झालं आता. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, हो बाबा, वय झालं. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला कारकडे घेऊन गेलात, आई बसली होती तिथे.

काका, हे मी विसरू शकत नाही. थांबलात ते मोठंच होतं, पण ती चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, माझ्या डोळ्याबद्दल, रडण्याबद्दल एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नाहीत. म्हणून आज इथे लिहितोय, जे त्या पार्किंगमध्ये होते त्यांनी वाचावं. काका शब्द विसरले नव्हते. इतकी वर्षं ऑर्डर देणारा माणूस दोन शब्दांतला दुसरा शब्द विसरत नसतो. ते माझ्यासाठी थांबले होते.

मी हल्ली विचार करतो की शिस्त म्हणजे काय ते मला दोन्ही बाजूंनी बघायला मिळालं. एका ठिकाणी रांग चांगली दिसावी म्हणून माणूस बाहेर काढला, आणि तुमच्याकडे माणूस आत राहावा म्हणून रांग थांबवली, आणि गंमत बघा, रांग तुमचीच चांगली दिसली. फादर मॅकगिव्हनींना 2020 च्या ऑक्टोबरमध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा बाबा टीव्हीसमोर हात जोडून बसले होते, मला तेव्हा ते थोडं जास्तच वाटलं होतं. पण ज्या माणसाने परक्या देशात आलेल्या कामगारांना सांगितलं की तुमच्यातला एक जण गेला तर बाकीच्यांनी त्याच्या घराला धरून राहायचं, त्याचा खरा वारसा मला तरी त्या ब्लेझरमध्ये, बेरेत दिसला नाही, तुमच्यात दिसला. चांगुलपणा बहुतेक वेळा असाच असतो, दुसऱ्याला कळूही न देता केलेला, आणि करणाऱ्याला त्याचं काही वाटतही नाही. तुम्हाला कदाचित हे वाचून वाटेल की एवढं काय त्यात. एवढंच होतं काका. माझ्या आईने तिच्या नवऱ्याला निरोप देताना मुलाला ताठ उभं बघितलं, ते तुमच्यामुळे.

आईने तुमच्यासाठी बोंबलाची चटणी करून ठेवलीये, डबा परत करायची गरज नाही म्हणाली. आणि अजून एक. त्या दुसऱ्या ठिकाणी माझ्याबरोबर एक जण भिंतीला टेकून बघत बसायचा, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेलीत, मूठ नीट धरता येत नाही. त्याला मी तुमच्याबद्दल सांगितलं. या गुरुवारी त्याला घेऊन येतोय, हॉल उघडा ठेवा. तुमचा गुडघा दुखत असेल तर या वेळी तुम्ही बसा, उभा मी राहतो.

तुमचाच,
गिरीजवाल्याचा मुलगा