मराठीच्या तासालाही बॅच द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मागणी आधी सांगतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला एईसी (भाषेची क्षमता वाढवणारा अभ्यासक्रम) म्हणून मराठीचा जो दोन क्रेडिटचा पेपर शिकवला जातो, त्यातलं एक क्रेडिट प्रात्यक्षिकाचं करा आणि त्यासाठी 20-25 मुलांच्या बॅच पाडायला मंजुरी द्या. रसायनशास्त्राला देता तशी.

मी तालुक्याच्या गावात मराठी शिकवतो. वर्गात 120 मुलं. थिअरीची दोन क्रेडिट म्हणजे सत्राला 30 तास, म्हणजे 1800 मिनिटं. माणशी 15 मिनिटं आली, तीही हजेरी न घेता आणि गणपतीची सुट्टी न धरता. एवढ्यात मी अर्जलेखन, वृत्तांतलेखन आणि सारांशलेखन ‘शिकवतो’. खरं तर मी फळ्यावर अर्जाचा नमुना लिहितो, मुलं तो उतरवून घेतात आणि परीक्षेत पुन्हा उतरवून देतात. शेजारच्या इमारतीत रसायनशास्त्राच्या प्रयोगात टायट्रेशन करताना प्रत्येकाला फ्लास्क स्वतःच्या हाताने हलवावा लागतो. टायट्रेशन फळ्यावर शिकवून पोरं पास करा, असं अजून तरी कोणी सुचवलेलं नाही.

मागच्या सत्रात मी नियम थोडा वाकवला. पाच-पाच जणांचे गट केले. वर्गातली बाकं जमिनीला ठोकलेली, तोंडं फिरवता येईनात, म्हणून सायकल स्टँडच्या शेडखाली बसलो. काम साधं होतं. सकाळची एसटी वेळेवर येत नाही, आगार व्यवस्थापकांना पत्र लिहा. प्रत्येकाने आधी आपापलं लिहायचं. मग एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी कागद न बघता ऐकायचं आणि काय कळलं तेवढंच सांगायचं. चांगलं-वाईट म्हणायचं नाही.

एका मुलाने वाचलं, ‘सदर बस नियमित येत नसल्यामुळे विद्यार्थ्यांचे अतोनात नुकसान होत आहे.’ गटातली मुलगी म्हणाली, ‘सदर म्हणजे कुठली रे? आपल्या स्टॉपवर तर तीन बस येतात.’ दुसऱ्याने विचारलं, ‘विद्यार्थी किती?’ कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ते पाच जण स्टॉपवर वही घेऊन उभे राहिले. गाडी कधी आली, किती जण चढले, किती राहिले, सगळं लिहिलं. त्यानंतरच्या पत्रात ‘सदर’ही नव्हतं आणि ‘अतोनात’ही नव्हतं. ‘अतोनात’वर मी वर्षानुवर्षं लाल रेघ मारत आलोय, ते काही गेलं नाही. मैत्रिणीच्या एका प्रश्नाने गेलं.

असं का होतं, याचा विचार इतरत्र झालेला आहे. 1970 साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला दार उघडलं. घरात कॉलेजचं तोंड न पाहिलेली मुलं लोंढ्याने आली आणि लेखनात अडखळली. ब्रुकलिन कॉलेजचे प्राध्यापक केनेथ ब्रफी यांच्या लक्षात आलं, की मुलं जादा तासांकडे फिरकत नाहीत, कारण तोही त्यांना वर्गच वाटतो. पण बरोबरीच्या मुलाची मदत ती घेतात. ब्रफींनी आधार घेतला तो लंडनच्या एम. एल. जे. ॲबरक्रॉम्बी यांच्या कामाचा. वैद्यकीय विद्यार्थी एकेकट्याने नव्हे तर गटात चर्चा करून निदानाला पोचले, तर ते चांगलं शिकतात, असं ॲबरक्रॉम्बींना दिसलं होतं. माझ्या वर्गातही घरातली पहिली पदवी घ्यायला आलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांना हे न्यूयॉर्कचं वाटतही नाही. पेरणीला सावड करतात ती त्यांनी पाहिलीय. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे.

पण आपल्यापुढे गोड चित्र उभं करायचं नाहीये. गटकामाचं आपल्याकडे काय होतं ते मला ठाऊक आहे. एक जण राबतो, चौघं सह्या करतात. त्याहून खुपणारी गोष्ट मला उशिरा दिसली. लिहायचं काम ‘तुझं अक्षर चांगलंय’ म्हणून मुलीकडे जायचं आणि वर्गासमोर बोलायला मुलगा उठायचा. लिहिणारी लेखनिकच राहायची. म्हणून आता वाचणारा, विचारणारा आणि मांडणारा दर तासाला बदलतो. पहिला कच्चा खर्डा प्रत्येकाचा स्वतंत्र, हाताने लिहिलेला. गुण पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यात काय बदललं त्याला. मोबाइलवरून आयतं उतरवलेलं पत्र इथे लगेच उघडं पडतं, कारण गट विचारतो, ‘याचा अर्थ काय?’ आणि वाचणारा गप्प बसतो.

हे 120 जणांत रोज जमत नाही. 24 गट एकाच वेळी बोलायला लागले की शेजारच्या वर्गातून निरोप येतो. मुलंच एकमेकांचं तपासतात म्हटल्यावर प्राध्यापकाचं काम कमी झालं, असा एक समज कार्यालयांत आहे. तो आधी काढून टाका. काम वाढतं. गटागटांत फिरायचं, कुठे भांडण पेटलंय आणि कुठे नुसती मान डोलावणं चाललंय ते हेरायचं आणि दोन्ही खर्डे वाचायचे. बॅच पाडल्या की कार्यभार वाढेल, आणि तो भरलेल्या पदांवर पडावा, एवढंच म्हणणं आहे. आज हा पेपर बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडतो. त्याला तासाचे पैसे मिळतात, घरी नेलेल्या वह्यांचे नाहीत. त्याने कुठल्या हौसेने गट पाडावेत?

नियमांत नवं काही लागणार नाही. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास धरतातच. थिअरीचे 15 आणि हे 30, असे मुलाच्या वाट्याला 45 होतील. प्रयोगशाळेचा खर्च नाही, गॅस नाही, काच फुटत नाही. हलवता येतील अशी बाकं मात्र लागतील.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले. पेढे खाल्लेल्या मुलाला महिनाभराने शिष्यवृत्तीच्या तक्रारीचा अर्ज लिहायचा होता. तो नमुना मागायला आला.

कळावे,
आपला
मराठीचा एक प्राध्यापक

ता. क. – हे पत्र मी एका गटाला वाचून दाखवलं. ‘विनम्र’ तीनदा आलं होतं, तिन्ही काढायला लावलं. मागणी शेवटी होती, ती वर आली. एसटीचा किस्सा काढा, मंत्र्यांना एवढा वेळ नसतो, असंही एक जण म्हणाला. ते मी ऐकलं नाही.